तळ्यातली शिडे आणि काठावरचा नवखा

लढाया, तह आणि राज्यारोहणे यांच्या सनावळ्या म्हणजे इतिहास, हा समज आपल्याकडून अजून पुरता गेलेला नाही. त्यामुळे खेळांचा इतिहास मागच्या बाकावर बसतो, आणि तळ्यात सोडायच्या होड्यांचा इतिहास तर वर्गाबाहेरच राहतो. वसंत ऋतूतील या व्याख्यानसत्रात आम्ही तो आज आत बोलावीत आहोत. त्याचे कारण केवळ विषयाचे नावीन्य नव्हे. जुनी कला जुन्या हातांतून नव्या हातांत कशी जाते, आणि कधी जाता जाता मध्येच कशी सांडते, हा प्रश्न आपणां सर्वांचा आहे. या छोट्या शिडांच्या शर्यतीत तो प्रश्न एखाद्या काचेच्या पेटीत ठेवल्यासारखा स्पष्ट दिसतो.

प्रथम वस्तू कोणती ते सांगितले पाहिजे. इंग्रजीत ज्याला मॉडेल यॉट म्हणतात ती दिवाणखान्यात मांडायची प्रतिकृती नसते. ती शर्यतीसाठीच बांधलेली खरी नौका असते, लहान एवढेच. तिला कणा असतो, कण्याखाली शिशाचे वजन असते, डोलकाठी, शिडे, दोऱ्या आणि सुकाणू असते. तिच्यातील सर्वांत थोर जातीची, म्हणजे आंतरराष्ट्रीय ‘ए’ वर्गाची नौका साडेसहा फुटांच्या आसपास लांब आणि पन्नास-साठ पौंड वजनाची असते. ती तळ्यावर नेण्यास चाकांचा गाडा लागतो. तिच्यात नसतो तो फक्त नावाडी. बाकी सारे मोठ्या नौकेचे असून नावाडी मात्र नाही, ही या खेळातील मुख्य अडचण. आणि त्याची सारी गंमतही तीच.

हा खेळ इंग्लंड-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात रुजला. लंडनच्या केन्सिंग्टन बागेतील गोल तळे, ज्याला तेथील लोक राउंड पाँड म्हणतात, ते अठराव्या शतकातले. त्या शतकातील राजघराण्याच्या बागेत पुढे सामान्य लोक फिरू लागले, मुले होड्या सोडू लागली, आणि मुलांच्या मागे उभे असलेले वडील हळूहळू स्वतःच पुढे सरकले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थांशात तेथे मॉडेल नौकांची रीतसर मंडळे उभी राहिली. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोचे मंडळ १८९८ सालचे. त्या मंडळाच्या मागणीवरून गोल्डन गेट उद्यानात खास या खेळासाठी तळे बांधण्यात आले व १९०४ साली ते खुले झाले. स्प्रेकल्स लेक हे त्याचे नाव. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील तळे तर वाङ्मयातही शिरले. ई. बी. व्हाइट यांच्या ‘स्टुअर्ट लिटल’ या १९४५ सालच्या मुलांच्या पुस्तकात उंदराएवढा नायक त्याच तळ्यावर नौका हाकतो. पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत भाड्याने मिळणाऱ्या छोट्या शिडाच्या होड्या मुले काठीने ढकलीत असतात, तोही याच वंशाचा एक प्रकार.

या सर्व ठिकाणांत एक गोष्ट समान आहे, तिकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ही तळी सार्वजनिक होती. क्रिकेटच्या मैदानाला कुंपण असते, जिमखान्याला दरवान असतो. तळ्याच्या काठाला मात्र भिंत नसते. दुपारी फिरायला आलेला कोणीही इसम तेथे थांबू शकतो, दहा मिनिटे पाहू शकतो, आणि अकराव्या मिनिटाला प्रश्न विचारू शकतो. या खेळाची भरती बहुतांशी अशा प्रश्नांतूनच झाली. ज्या मंडळाने प्रश्नाला उत्तर दिले ते टिकले. ज्याने पाठ फिरवली त्याच्या नौका पुढे लिलावात गेल्या.

आता शर्यत कशी होई ते पाहू. नौकेत माणूस नाही, आणि रेडिओ अजून आलेला नाही. तळ्याच्या एका टोकाहून दोन नौका एकदम सोडावयाच्या. एकदा त्या वाऱ्याच्या उलट, नागमोडी वाटेने वर चढावयाच्या. एकदा पाठवाऱ्याने उतरावयाच्या. वर चढण्याची फेरी जिंकणारास तीन गुण, उतरण्याची जिंकणारास दोन. कारण वाऱ्याच्या तोंडावर चढणे अधिक कठीण. अशा रीतीने प्रत्येक नौका दुसऱ्या प्रत्येक नौकेशी भिडते. नौका सुटल्यावर मालक काठाने चालू लागतो, प्रसंगी धावू लागतो. नौका काठाला आली की तिला काठीने अलगद वळवून पुन्हा वाऱ्यावर घालावयाची. तळ्याला काठ दोन; म्हणून माणसेही दोन लागतात. एका काठावर कर्णधार, दुसऱ्या काठावर त्याचा सोबती. हा सोबती ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम आहे.

माणूस काठावर आणि नौका पाण्यात, तेव्हा सुकाणू धरावयाचे कोणी? या एका प्रश्नावर शंभर वर्षे हुशार माणसांनी डोके घातले. आरंभी केवळ शिडांचा समतोल साधून नौका सरळ चालवीत. पुढे वजनी सुकाणू आले. नौका कलली की ते आपल्या वजनाने एका अंगाला झुके व तिची वाट सावरी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लंडनच्या जॉर्ज ब्रेन यांनी मोठ्या शिडाची दोरीच सुकाणूला जोडली. वाऱ्याचा झोत आला की शीड दोरी ओढते, दोरी सुकाणू फिरवते, आणि झोताने भरकटू पाहणारी नौका मार्गावर राहते. झोत ओसरला की एक रबरी पट्टा सुकाणू पुन्हा मधोमध आणून ठेवतो. ज्या वाऱ्याने नौका बिघडावयाची त्याच्याचकडून ती सुधारून घेण्याची ही युक्ती होती. तिला आजही ब्रेनचे यंत्र म्हणतात.

त्यानंतरची पायरी नॉर्वेच्या सॅम बेर्गे यांची. १९३०च्या दशकाच्या मध्याला त्यांनी आपल्या ‘प्रिन्स चार्मिंग’ या नौकेच्या पाठीवर वाऱ्याचे एक पाते बसवून इंग्लंडच्या शर्यतीत उतरवली. देवळाच्या किंवा वेधशाळेच्या माथ्यावर वातकुक्कुट असतो, त्याचाच हा भाऊबंद. वातकुक्कुट वारा कोठून येतो ते नुसते सांगतो. बेर्गे यांचे पाते ते सांगून स्वस्थ बसत नाही. कर्णधाराने वाऱ्याशी जो कोन ठरवून दिला असेल त्यापासून नौका ढळली, की वारा पात्याला आडवा लागतो, पाते फिरते, आणि त्याला जोडलेली दांडी सुकाणू फिरवून नौका पुन्हा त्या कोनावर आणते. थोड्याच वर्षांत बहुतेक शर्यतबाजांनी ही युक्ती उचलली.

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, की हा सगळा तळ्यातला पराक्रम. तर तळ्याबाहेर काय झाले तेही सांगतो. १९३६ साली फ्रेंच दर्यावर्दी व चित्रकार मारँ-मारी यांनी ‘आरिएल’ नावाच्या मोटारबोटीतून एकट्याने अटलांटिक महासागर ओलांडला. त्यांच्या सुकाणूपाशी असेच वाऱ्याचे पाते होते. १९६० साली एकट्याने अटलांटिक ओलांडण्याची पहिली शर्यत झाली. तिच्यात ब्लाँडी हॅस्लर यांची ‘जेस्टर’ आपल्या स्वयंचलित सुकाणूवर गेली आणि दुसरी आली. पहिले आलेले फ्रान्सिस चिचेस्टर चाळीस दिवसांत न्यूयॉर्कला पोहोचले. आपल्या नौकेसाठी पाते तयार करताना त्यांनी केन्सिंग्टनच्या त्याच गोल तळ्यावरील छोट्या नौकांचा अभ्यास केला होता. त्या पात्याचे नाव त्यांनी ‘मिरांडा’ ठेवले. एकट्या माणसाला झोप घेता येईल आणि नौका चालत राहील, ही सोय महासागराने अशी तळ्याकडून उसनी घेतली.

या कथेचा एक धागा मुंबईच्या किनाऱ्याला लागलेला आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहेली’ ही नौका मुंबईत, येथील सुतारांच्या हातून, सागवानात बांधली गेली आणि १९६४च्या डिसेंबरात पाण्यात उतरली. तिच्यातूनच त्यांनी १९६८च्या जूनपासून १९६९च्या एप्रिलपर्यंत, कोठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले. निघताना त्यांच्या नौकेवर वाऱ्याच्या पात्याचे सुकाणू होते. ते ऑस्ट्रेलियाच्या टापूत मोडून निकामी झाले. पुढचे हजारो मैल त्यांनी नौका चालवली ती मुख्यतः शिडांचा समतोल साधून. म्हणजे राउंड पाँडवरचे पहिले म्हातारे जे करीत होते त्याच विद्येने! यंत्र मोडल्यावर उपयोगी पडली ती यंत्राच्या आधीची विद्या. जुनी कसबे का जपावीत, या प्रश्नाला याहून चांगले उत्तर आम्हांस ठाऊक नाही. २०१८ साली त्याच शर्यतीची जुन्या साधनांनिशी पुनरावृत्ती झाली, तेव्हा भारताचे अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेल्या, ‘सुहेली’च्याच धर्तीच्या ‘तुरिया’ नौकेतून निघाले. विजेवर चालणारे सुकाणू त्या शर्यतीत निषिद्ध होते. पाते तेवढे चालत होते.

आता आपण पुन्हा तळ्यावर येऊ. खेळ वाढतो तो नियमांनी, आणि नियम दोन तऱ्हेचे असतात. काही दार लावतात, काही दार उघडतात. १९२२-२३च्या सुमारास ‘यॉटिंग मंथली’ मासिकाचे संपादक माल्डन हेक्स्टॉल-स्मिथ यांनी ‘ए’ वर्गाचे सूत्र बसविले. लांबी, शिडांचे क्षेत्रफळ आणि नौकेचे वजन यांचा मेळ त्यात असा घातला होता, की एक वाढवाल तर दुसरे आपोआप घटवावे लागेल. सूत्र सुंदर होते. त्यातून देखण्या आणि वेगवान नौका निघाल्या, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील गॉस्पोर्ट गावी देशोदेशींचे लोक त्या घेऊन जमू लागले. पण तेवढी नौका बांधणे म्हणजे वर्षाचे काम, आणि ती नेणे-आणणे म्हणजे एक प्रपंच.

दार उघडणारे नियम दुसरीकडे झाले. १९३०च्या सुमारास अमेरिकेतील मार्बलहेड गावच्या रॉय क्लफ यांनी एक साधा वर्ग सुचविला: लांबी ५० इंच, शिडे ८०० चौरस इंच. मोटारीच्या मागच्या आसनावर नौका आडवी मावावी, असा त्यामागे हिशेब होता असे सांगतात. हा मार्बलहेड वर्ग पाहता पाहता जगभर गेला. इंग्लंडात त्याच सुमारास ‘३६ रिस्ट्रिक्टेड’ हा वर्ग निघाला. त्याचा नियम शाळकरी मुलालाही कळेल असा होता: ३६ इंच लांब, ९ इंच रुंद आणि ११ इंच खोल अशा पेटीत नौका मावली पाहिजे, आणि तिचे वजन १२ पौंडांहून अधिक असता कामा नये. सूत्र नाही, वर्गमूळ नाही. एक पेटी आणि एक तराजू. काखेत मारून न्यावी अशी नौका. डॅनियल्स आणि टकर यांचे ‘मॉडेल सेलिंग क्राफ्ट’ हे पुस्तक १९३२ साली आले, आणि ज्यांच्या गावात गुरू नव्हता त्यांना घरबसल्या गुरू मिळाला. हा काळ मंदीचा आणि बेकारीचा. बर्मिंगहॅमजवळच्या बोर्नव्हिल येथील तळे बेकार कामगारांना काम मिळावे म्हणून त्यांच्याच हातून खोदण्यात आले. सॅन फ्रान्सिस्कोच्या मंडळाची वास्तूही सरकारी रोजगार योजनेतून उभी राहिली. पोट भरण्याची चिंता असताना तळी खोदणारे आणि नौकाघरे बांधणारे ते लोक वेडे नव्हते. बेकार माणसाच्या हाताला काम लागते, तसा त्याच्या मनालाही विसावा लागतो, हे त्यांना समजले होते.

मग एवढा भरास आलेला खेळ उतरला का? बहुतेक लोक उत्तर देतात: रेडिओमुळे. ते अर्धे खरे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर बिनतारी यंत्राने नौका चालविण्याचे प्रयोग सुरू झाले, आणि १९७०च्या दशकात ती यंत्रे स्वस्त व खात्रीची होताच रेडिओने तळी जिंकली. आता काठाने धावण्याचे कारण उरले नाही, सोबत्याचे उरले नाही, आणि नेमक्या आकाराच्या लांबोळ्या तळ्याचेही उरले नाही. हातात डबी धरून एका जागी उभे राहावे आणि दहा-वीस नौकांच्या थव्यात आपली पुढे काढावी. म्हाताऱ्या गुडघ्यांना हे वरदानच होते, आणि त्याची निंदा करण्याचे आम्हांस काही कारण दिसत नाही.

अर्धे उत्तर दुसरीकडे आहे. रेडिओ येईपर्यंत पात्याची विद्या पुष्कळ ठिकाणी मूठभर जाणत्यांच्या हातांत गेली होती. पाते किती अंशांवर ठेवावे, पाणी शांत असता शिडाला किती पोट द्यावे, झाडांमागून वारा फिरतो त्या कोपऱ्यात नौका कशी सोडावी, हे कोणत्याच पुस्तकात पुरते उतरत नाही. ते कोणाच्या तरी शेजारी उभे राहून शिकावे लागते. सोबत्याची जागा हीच या विद्येची पाठशाळा होती. दुसऱ्या काठावर काठी घेऊन उभा राहणारा पोरगा दोन वर्षांत अर्धा कर्णधार होई. रेडिओने ती जागाच रद्द केली, आणि पाठशाळा बंद पडली. आमच्या मते खरी हानी झाली ती ही.

नौका मात्र राहिल्या. लाकडाच्या जुन्या वस्तू लवकर मरत नाहीत. त्या माळ्यावर गेल्या, मोटारखान्यात गेल्या, जुन्या बाजारात गेल्या. काहींना मद्यगृहांच्या छतांवर आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत शोभेची जागा मिळाली. कोणी त्यांची शिडे काढली, कोणी शिशाचे वजन विकले, कोणी वर रंगाचे हात चढविले. पुढे तर पाण्यात टाकली असता आडवी होईल अशी नुसती शोभेची ‘जुनी नौका’ नव्यानेच बनवून विकण्याचा धंदा निघाला. वीणेची तार काढून ती भिंतीवर टांगावी, तसा हा प्रकार.

पुनरुज्जीवन सुरू झाले ते विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात. इंग्लंडात आणि पाठोपाठ अमेरिकेत जुन्या मॉडेल नौकांचे छंदी एकत्र आले. त्यांनी प्रथम माळे धुंडाळले. नौका सापडली, की तिची लांबी-रुंदी मोजून ती कोणत्या वर्गाची, शिडावर क्रमांक असल्यास कोणत्या नोंदीतली, आणि घडणीवरून कोणत्या आराखड्याची, याचा शोध घ्यावयाचा. हे काम जुने दप्तर वाचणाऱ्या संशोधकाच्या कामासारखेच आहे. जुन्या नौकांची बांधणीच पुष्कळ बोलते. एक पद्धत अशी, की फळ्यांचे थर आतून पोकळ कापून, भाकऱ्यांची चवड रचावी तसे एकावर एक डिंकवून रचावयाचे आणि मग बाहेरून तासावयाचे. इंग्रज सुतार तिला ‘ब्रेड अँड बटर’ म्हणतात. दुसरी पद्धत मोठ्या गलबताची: आधी फासळ्या उभ्या करावयाच्या, मग त्यांवर पातळ पट्ट्या बसवावयाच्या. आतून हात फिरवला की जाणत्याला घराणे कळते.

नौका दुरुस्त करताना एक विवेक पाळावा लागतो. चाळीस वर्षांचा रंग खरवडून ती आरशासारखी चकचकीत केली, तर तिच्या अंगावरचा इतिहासही खरवडला जातो. उलट काहीच न करता ती तळ्यात सोडली, तर सांध्यांतून पाणी शिरून उरलीसुरली बुडते. म्हणून पाणी रोखण्यास अवश्य तेवढेच करावे, आणि केलेले पुढच्या माणसाला उलटवता येईल असे करावे, हा शहाण्यांचा मार्ग. ज्याला जुनी नौका सापडली नाही त्याने जुन्या आराखड्यावरून नवी बांधावी, अशीही मोकळीक या मंडळांनी दिली. ही मोकळीक मोठी दूरदृष्टीची. जुन्या नौका मोजक्याच असणार. पण जुने आराखडे कितीही वेळा बांधता येतात. राग जुना असतो, गाणारा रोज नवा असतो.

मग ठरलेला वाद उभा राहिला. जुन्या नौकेत रेडिओ बसवू द्यावा काय? शुद्धतावाद्यांचे म्हणणे असे, की पात्यासाठी घडवलेल्या नौकेच्या पोटात विजेची पेटी ठेवणे म्हणजे तंबोऱ्याला विजेचा पंखा जोडणे. त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. नौका जुनी आणि विद्या नवी, असे झाले तर जपले काय, हा प्रश्न खराच आहे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की पात्याची शर्यत चालविण्यास योग्य तळे, दोन्ही काठांनी मोकळी वाट आणि जाणता सोबती हवा. ही तीन एकत्र मिळणारी गावे थोडी. रेडिओला नकार दिला तर शेकडो नौका पुन्हा माळ्यावर जातील.

व्यवहारात दोन्ही मार्ग राहिले. अमेरिकेतील मंडळी बहुतांशी जुन्या घडणीच्या नौका रेडिओवर धावडवतात, आणि आराखड्याच्या काळाप्रमाणे त्यांचे वर्ग पाडतात, म्हणजे आजीशी नातीची शर्यत लागत नाही. इंग्लंडात रेडिओबरोबरच गॉस्पोर्टसारख्या ठिकाणी पात्याच्या शर्यतीही टिकवून धरल्या गेल्या. आमचे मत विचाराल तर आम्ही घराच्या रचनेकडे बोट दाखवू. आपल्या जुन्या घरांना ओसरी असे आणि माजघर असे. आलेला माणूस आधी ओसरीवर बसे. त्याला पाणी मिळे, गूळ मिळे. ओळख वाढली म्हणजे तो आत येई. रेडिओची जुनी नौका ही या छंदाची ओसरी आहे आणि पात्याची शर्यत हे माजघर. माजघर पवित्र राखावे, यात वाद नाही. पण ओसरीच पाडून टाकली, तर माजघरात बसलेली माणसे एक दिवस तेथेच एकएकटी म्हातारी होतील. आणि नुसती ओसरीच ठेवली, तर ते घर न राहता धर्मशाळा होईल. दोन्ही हवीत, आणि मधले दार उघडे हवे.

हे दार उघडे ठेवावयाचे म्हणजे करावयाचे काय? टिकून राहिलेल्या मंडळांची रीत पाहिली तर उत्तर साधे आहे. मंडळाच्या मालकीच्या एक-दोन नौका अशा ठेवाव्यात, की काठावर थांबलेल्या अनोळखी माणसाच्या हातात त्याच दिवशी दोरी देता यावी. त्याला आधी वर्गणीची पावती आणि नियमांचे चोपडे देऊ नये. आधी वारा द्यावा. कोणी बाजारातली स्वस्त प्लॅस्टिकची तयार नौका घेऊन आला तर नाक मुरडू नये. वारा लाकडाला एक आणि प्लॅस्टिकला दुसरा असा वाहत नाही. शिडे कशी धरावीत हे तो त्या नौकेवरही शिकेल, आणि शिकल्यावर शेजारच्या लाकडी नौकेकडे त्याची नजर आपोआप वळेल. बांधण्याची हौस असलेल्याला पहिल्याच वर्षी ‘ए’ वर्गाचा डोंगर दाखवू नये. पेटीत मावणारी छोटी ३६ इंची नौका द्यावी. आणि पात्याची शर्यत असेल त्या दिवशी दुसऱ्या काठावर जाणत्याबरोबर एक नवखा उभा करावा. सोबत्याची जागा परत आली, म्हणजे पाठशाळा परत आली.

या खेळात ताकदीला भाव नाही, हेही नवख्याला सांगण्यासारखे आहे. दहा वर्षांची मुलगी आणि सत्तर वर्षांचे आजोबा येथे बरोबरीने उतरू शकतात. किंबहुना आजोबांना वारा कळतो आणि नातीला पाय आहेत, म्हणून दोघांनी मिळून उतरावे हे उत्तम. दोन पिढ्यांना एकमेकांची खरी गरज लागावी, अशा जागा आता फार थोड्या राहिल्या आहेत.

आणि आपल्याकडे काय? आपल्याकडे बीज नाही असे कोणी म्हणू नये. गोव्यात साखळीजवळच्या विठ्ठलापूर येथे त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री वाळवंटी नदीत लोक आपल्या हातांनी बनवलेल्या, दिव्यांनी उजळलेल्या छोट्या नौका सोडतात आणि त्यांची स्पर्धा लागते. तेथे परीक्षा वेगाची नसून शोभेची असते हे खरे. पण हौशीने छोटी नौका घडवावी आणि चार लोकांदेखत पाण्यात सोडावी, ही वृत्ती तीच. राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल विभागातील मुलेमुली आपल्या अखिल भारतीय शिबिरात जहाजांच्या प्रतिकृती बांधण्याची स्पर्धा खेळतात. म्हणजे पटाशी आणि कानस हाती धरणारे हात आहेत. कोकणच्या खाड्यांवर शिडाचा वारा ओळखणारी वडीलधारी माणसे अजून सर्वस्वी संपलेली नाहीत. गावोगाव तळी आहेत, आणि पुष्कळ तळ्यांना दगडी काठ आहेत. नाही ती एकच वस्तू: पहिल्याने प्रश्न विचारला असता त्याच्या हाती दोरी देणारा दुसरा. तो कोणत्याही सरकारी योजनेने नेमता येत नाही. त्याला स्वतःच उभे राहावे लागते.

जुन्या वस्तूंवर प्रेम करणाऱ्यांना एक मोह नेहमी पडतो. आपण शेवटचे जाणते आहोत, या दुःखात एक गोड अभिमान असतो; आणि त्या अभिमानापायी माणूस नकळत शेवटचाच राहू पाहतो. तळ्यावरच्या ज्या म्हाताऱ्यांनी हा मोह जिंकला, त्यांच्या नौका आज पाण्यात आहेत. ज्यांनी जिंकला नाही, त्यांच्याही नौका शाबूत आहेत. फक्त त्या भिंतीवर आहेत, आणि भिंतीला वारा लागत नाही.